स्वतःहून घेतलेल्या चिंध्या

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मी एका शिंप्याकडून कातरणाचं पोतं आणलं आणि माझ्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं.

पोतं तसं लहानच होतं, स्कूटीवर पायाशी मावलं. आत ब्लाऊजपिसांचे कोपरे, परकरांच्या पट्ट्या, शाळेच्या गणवेशाचे निळे तुकडे. लिफ्टने वर आणून मी ते हॉलमध्ये टेकवलं. आई बाल्कनीतून आत आली, काठीच्या टोकाने तिने पोत्याचं तोंड उघडून पाहिलं.

"काय होय हे?"

"कातरण होय. खाली बाया गोधड्या शिवतात ना, मी बी शिकून राहिली."

"चिंध्या म्हण ना मंग." तिने काठी मागे घेतली, जणू काठीला काही लागलंय. "पस्तीस वर्सं खुर्चीवर बसली, अन् आता चिंध्या येचून राहिली. माह्या घरात नाई पाह्यजे हे."

घर माझं होतं. अमरावतीत बडनेरा रोडवर, माझ्या पगारातून हप्ते भरून घेतलेलं. पण मी तसं म्हटलं नाही. पोतं बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि म्हटलं, "इथं राहीन थे. आत नाई येणार." त्यावर ती चार दिवस बोलली नाही. चहा दिला की घ्यायची, कप परत ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचा अबोला साधा नसतो. घरात फक्त पंख्याचा आवाज.

खाली बसणाऱ्या तिघीजणी होत्या. तळमजल्यावरच्या काकू, दर्यापूरकडच्या शेतकरी घरातल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. दुसरी बडनेऱ्याची, सगळ्या तिला त्याच नावाने हाक मारायच्या. तिचा नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर तिला तिकीट खिडकीवर नोकरी मिळाली होती. ड्युटी नसली की ती रिक्षाने यायची. तिसरी आपा, मागच्या गल्लीत शिवणकाम करायची आणि साड्यांना फॉल लावायची. पार्किंगच्या कोपऱ्यात सतरंज्या टाकून दुपारी दोन ते पाच या शिवायच्या. कार्यालयात असताना रजेच्या दिवशी मी त्यांना वरून पाहायची आणि मला त्यांचा हेवा वाटायचा, का ते कळायचं नाही.

मी वरिष्ठ लिपिक होते. आयुष्यभर फायली क्रमाने लावल्या. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी तुकडे रंगांप्रमाणे लावून घेतले: पिवळे पिवळ्यांशेजारी, मग नारिंगी, मग लाल. काकूंनी ते पाहिलं आणि पायाने सगळे एकत्र केले.

"हे दुकान नाई होय. पोत्यात हात घालाचा अन् जो हाती येईन तो लावाचा. निवडाचं नाई."

"अहो काकू, पण जांभळ्याजवळ हिरवा कसा दिसेल?"

"कसा दिसीन म्हंजे? जांभया जांभया दिसीन, हिरवा हिरवा दिसीन."

खाली जुनी नऊवारी अंथरायची, चार कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या, वर तुकडे लावत जायचे आणि कडेकडेने धावदोरा घालत आत सरकायचं. माझे टाके वाकडे यायचे, बोटं सोलून निघायची. आपाने मला बोटात घालायला तिचं पितळी अंगुस्तान दिलं. पण हातात तुकडा आला की तो लावायचाच, कोणाची मंजुरी नाही, वर पाठवायचा नाही, हे मला फार आवडलं. पंधरा दिवसांत मी रोज जायला लागले.

आईचा राग मला कळत नव्हता असं नाही. तिची गोष्ट मला ठाऊक होती. आमच्या घरात ती सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोणी मोठ्याने सांगत नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला, माझ्या आजीचं घर होतं. आई तिथेच वाढली. आजी आणि आई मोठ्या घरांच्या गोधड्या शिवायच्या. जुनी लुगडी, धोतरं, फाटकी अंगरखी माडीवरून खाली टाकली जायची आणि या दोघी ती अंगणात झेलायच्या. हातातून हातात कधी नाही. पंधरा दिवस खपून गोधडी पूर्ण झाली की ती अंगणातल्या दोरीवर टाकायची आणि बाजूला व्हायचं. मग घरातली एखादी बाई तांब्या घेऊन यायची आणि गोधडीवर पाणी शिंपडून ती आत न्यायची. ज्या हातांनी शिवली त्यांचा विटाळ पाण्याने जायचा. मोबदल्यात पायलीभर ज्वारी आणि उरलेल्या चिंध्या. त्या चिंध्यांच्या गोधड्या आमच्या घरात.

आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्या आठवड्यात त्यांनी घरातले देव मोर्णेत सोडले. आजीने काय करावं? तिने घरातल्या होत्या नव्हत्या सगळ्या गोधड्या काढल्या, नदीच्या काठावर ढीग केला आणि पेटवून दिल्या. आई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. ती म्हणायची, "लय धूर झाला. सुताचा धूर डोयात जाते." त्या हिवाळ्यात पाच लेकरं गोणपाटावर झोपली, थंडीने रात्रभर एकमेकांना चिकटून. पण आजीने पुन्हा कोणाच्या अंगणात सुई धरली नाही. पुढे आजोबांना मिलमध्ये काम लागलं आणि घरात दोन लाल ब्लँकेटं आली. ती टोचायची, पण ती दुकानातून आली होती.

म्हणजे माझ्या घरात गोधडी नसणं ही साधी गोष्ट नव्हती. ती कमावलेली होती. आणि मी ते पोतं लिफ्टने वर आणलं होतं.

हे सगळं ठाऊक असूनही मी शिवत राहिले. का, याचं मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नसतं. एवढंच वाटायचं की एखादं काम कोणीतरी आपल्यावर थापलं म्हणून ते कायमचं त्यांचंच का व्हावं? सुई तर आजीची होती.

मग सोसायटीची नोटीस लागली. लिफ्टच्या शेजारी, टाइप केलेली: पार्किंगमध्ये बसून चिंध्या, कातरण पसरू नये, सोसायटीच्या शोभेला बाधा येते. खाली सेक्रेटरींची सही. काकूंना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"शोभा कोण होय?" काकूंनी विचारलं आणि आपा इतकी हसली की तिची सुई हरवली. दहा मिनिटं आम्ही सतरंजी चाचपत बसलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. तिसऱ्या दिवशीही बसलो. चौथ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः आले, सोबत वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ. सेक्रेटरींचा दुसरा फ्लॅट त्यांनी कोचिंग क्लासला भाड्याने दिला होता, त्यामुळे तीन वाजता पार्किंगमध्ये गाड्यांची लांब रांग लागायची.

"नोटीस वाचली नाही का? ही काय भंगारवाल्यांची वस्ती आहे?"

काकूंनी मान वर केली नाही. "बाप्पू, क्लासच्या पोट्ट्यांच्या वीस गाड्या चालतात तुले, अन् आमच्या दोन सतरंज्या चालत नाई?"

"त्याचं भाडं येतं. आणि मॅडम," ते माझ्याकडे वळले, "तुम्ही तर ऑफिसमधल्या. तुम्हाला हे शोभतं का?"

"शोभतं," मी म्हटलं.

ते सोबतच्या गृहस्थांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "कितीही शिकले तरी शेवटी…"

वाक्य त्यांनी अर्धं सोडलं. हे अर्धं वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. शाळेत, कार्यालयात, बढतीची यादी लागली त्या दिवशी. कोणीही ते पुरं करत नाही, पुरं करायची गरजच नसते. मी उठून उभी राहिले. मी काय बोलणार होते ते मलाही ठाऊक नाही, कारण तेवढ्यात मागून आवाज आला.

"पुरं कर ना मंग."

आई लिफ्टच्या दारात उभी होती. हातात काठी, अंगावर पांढरी साडी. गुडघ्यांमुळे ती महिना-महिना खाली उतरत नसे. नंतर कळलं की बाल्कनीतून तिने सेक्रेटरींना येताना पाहिलं होतं.

"बोल पुरं. शेवटी काय? मी ऐकाले उभी आहो."

सेक्रेटरी म्हणाले, "आजी, तुम्हाला नाही काही."

"मले नाई त कोणाले? माह्या पोरीले?" ती सावकाश चालत आली. वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची होती, ती तिने काठीने ओढली आणि आमच्या सतरंजीच्या कडेला ठेवून बसली. "या चिंध्याले मी हात लावत नाई. माह्या मायनं पेटोल्या होत्या. पण हे पोरगी इथं बसते, थे तिच्या मनानं बसते. तू उठोव तिले. उठोवून दाखव."

 क्लासची दोन पोरं हेल्मेट हातात घेऊन तशीच थांबली होती. सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये पाहू असं काहीतरी म्हटलं आणि ते गेले. मीटिंग झाली, तिथे मी कायद्याच्या भाषेत एक अर्ज दिला. पस्तीस वर्षांत तेवढं शिकलेच होते. क्लासच्या गाड्यांचा विषय मी त्यातच घातला. नोटीस कोणी काढली नाही, पण पुन्हा कोणी खालीही आलं नाही. ती नोटीस अजून तिथेच आहे, पिवळी पडून.

त्या दिवशी सेक्रेटरी गेल्यावर मी आईला म्हटलं, "चाल माय, वर जाऊ." ती उठेना. तिने बडनेऱ्याचीच्या हातातल्या गोधडीकडे पाहिलं. "धावदोरा लय मोठा टाकून राहिली तू. एका धुण्यात निंगून जाईन."

"तुमाले येते?" बडनेऱ्याचीने विचारलं.

मग तिने सांगितलं. माडी, अंगण, तांब्या, पाणी, सगळं. आमच्या घरात कोणी मोठ्याने न सांगितलेली गोष्ट तिने पार्किंगमध्ये चार बायांना सांगितली, आवाज न चढवता. आपा डोळे पुसत होती. काकूंचा हात थांबला होता.

शेवटी काकू म्हणाल्या, "आमच्या घरी बी शिंपडत होते." आणि पुढे, "म्याच शिंपडलं हाय. नवी नवरी होती. सासूनं तांब्या देल्ला हातात."

 दोन महिने मी या बाईच्या मांडीला मांडी लावून बसले होते, तिच्या डब्यातली भाकर खाल्ली होती.

आईने विचारलं, "कोणत्या गावी?"

काकूंनी गावाचं नाव सांगितलं.

"मंग थे आमी नव्हतो," आई म्हणाली.

"दुसरं कोणी त होतंच ना," काकू म्हणाल्या.

"होतंच."

एवढंच. माफी नाही, रडारड नाही. काकूंनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो काही केल्या ओवला जाईना. शेवटी आपाने ओवून दिला. दुसऱ्या दिवशी काकू खाली येतील की नाही याची मला शंका होती, आणि आपण जावं की नाही याचीही. दोनच्या ठोक्याला दोघी गेलो. काकूंनी आपल्या घरातून गादीची खुर्ची आणून ठेवली होती. आई आली आणि त्या खुर्चीत बसली. मग रोजच येऊ लागली. कापडाला बोट लावायची नाही, पण काठीने दाखवायची: इथं चुणी पडली, इथं दोरा सैल आहे, हा कोपरा उसव. तिच्यासारखी मास्तरीण आम्हाला पैसे देऊनही मिळाली नसती.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात अकोल्याला माझ्या भाच्याला मुलगी झाली. म्हणजे माझ्या मोठ्या भावाला नात. मी ठरवलं, तिच्यासाठी गोधडी शिवायची. चौघींनी आपापल्या घरातलं कापड आणलं. काकूंनी नवऱ्याचं धोतर फाडलं, आपाने ईदच्या कुडत्याची बाही दिली, बडनेऱ्याचीने रेल्वेच्या गणवेशाची निळी पट्टी. मी माझी कार्यालयातली पहिली साडी कापली. आई हे सगळं पाहत होती.

"तू देणार. मी नाई म्हणणार नाई," ती म्हणाली. "पण दादा बोलला, त मी मधात पडणार नाई. कोणाकूनच."

नामकरणाला आम्ही गाडी करून गेलो. भावाचं घर मोठं आहे. तो सरकारी अभियंता होता. हॉलमध्ये तथागतांची मूर्ती, मेणबत्त्या, पांढरी फुलं. भंतेजी आले, वंदना झाली, मुलीचं नाव ठेवलं. जेवणाआधी भेटवस्तू देताना मी गोधडी उलगडली आणि पाळण्याच्या काठावर ठेवली.

भावाने ती पाहिली. चार नातेवाइकांसमोर तो फार हळू बोलला. "हे काय आणलं?"

"गोधडी. आम्ही चौघींनी शिवली."

"आपल्या आजीनं काय केलं होतं, माहीत आहे ना तुला? आणि तू माझ्या नातीला चिंध्यांवर झोपवणार?"

भंतेजी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या अंगावरच्या चीवरावर उभ्या-आडव्या शिवणी स्पष्ट दिसत होत्या, तुकडा तुकडा जोडलेल्या. मी म्हटलं, "दादा, भंतेजींचं चीवर पाह्य. तुकडे जोडूनच तर आहे. पहिले भिक्खू टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून तेच पांघरायचे."

भंतेजी हसले. भावाने माझ्याकडे पाहिलं. तो हुशार आहे, माझ्याहून हुशार.

"त्यांनी ते स्वतःहून घेतलं," तो म्हणाला. "आपल्यावर ते लादलं होतं. दोन्ही एक नाही."

बरोबर होतं त्याचं. मी गोधडीचा मुडपलेला कोपरा सरळ केला. मग म्हटलं, "हो. म्हणूनच मीही स्वतःहून घेतलं. मला कोणी माडीवरून टाकून दिलं नाही. यातला एक एक तुकडा माणसाने माझ्या हातात आणून दिलाय. आजीने पेटवल्या, ती तिची हिंमत. ही माझी."

आई भिंतीजवळच्या खुर्चीत बसून होती. सांगितल्याप्रमाणे ती मध्ये पडली नाही.

निघताना भावाने गोधडी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. मी ती चपलांच्या रॅकवर ठेवून आले. आठ दिवसांनी त्याच्या ओळखीचा एक माणूस, अकोला-अमरावती अप-डाऊन करणारा, ती माझ्या दारात देऊन गेला. मी बडनेऱ्याचीला सांगितलं. तिकीट खिडकीवर बसून तिला सगळे अप-डाऊनवाले तोंडपाठ होते. तिने एका मास्तरांच्या हातून ती अकोल्याला पोचवली. पुन्हा परत आली, या वेळी कुरियरने. काकू म्हणाल्या, "लेकरू पांघरीन तवा पांघरीन, गोधडीचा मात्र पुरा प्रवास होऊन राहिला." आम्ही तिसऱ्यांदा पाठवली. चिठ्ठीत मी लिहिलं: दादा, मी आता निवृत्त आहे. माझ्याकडे खूप वेळ आहे.

ती परत आली नाही. भावाचा फोनही आला नाही. फेकली असेल, माळ्यावर टाकली असेल, मला खरंच ठाऊक नव्हतं. वाईट वाटायचं. रागही यायचा. आम्ही पुढची शिवायला घेतली.

होळीनंतर आईला भावाकडे सोडायला मी अकोल्याला गेले. तो घरी नव्हता. सून बँकेत गेलेली. वहिनींनी पाणी दिलं, इकडचं तिकडचं बोलणं झालं. कपडे वाळले असतील म्हणून त्या गच्चीवर निघाल्या, मी सोबत गेले. दोरीवर लंगोट, झबली, आणि मध्ये ती. धुऊन धुऊन मऊ झालेली, धोतराची पट्टी पिवळट पडलेली. एक कोपरा बहुतेक मुलीच्या दातांनी चावून फाटला होता आणि कोणीतरी तो जाड निळ्या दोऱ्याने शिवला होता. टाके मोठे, वेडेवाकडे, गाठ वरच्या बाजूला.

वहिनी लंगोट गोळा करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा चिमटा काढला. कोपरा कोणी शिवला, ते मी विचारलं नाही. गोधडी दोरीवरून काढून मी घडी केली आणि त्यांच्या हातातल्या ढिगावर ठेवली.

अमरावतीला परतल्यावर दुसऱ्या दुपारी मी खाली हे सांगितलं.

"गाठ वरून मारली?" काकूंनी तोंड वाकडं केलं. "कोणं शिवलं थे?"

"माहीत नाई."

"भावानं असीन," बडनेऱ्याची म्हणाली. "बायका अशी गाठ मारत नाई."

"सून असेल. तिला कुठे येतं शिवायला," आपा म्हणाली.

त्यावर बराच वेळ वाद चालला. मी पोत्यात हात घातला. हातात केशरी साटिनची चिंधी आली, निसरडी, कडेने सुटत चाललेली. साटिन मला अजिबात आवडत नाही. मी ती लावली.